मदत हवी: मैत्रीण एका दिवसासाठी येतेय, फ्लेमिंगो आणि ठाणे दोन्ही कसं जमवू?

चिंचबोर: मंडळी, जरा लवकर सांगा. मैत्रीण येतेय, हातात एकच दिवस आहे, तिच्या पाठीवर मोठी सॅक असेल आणि रात्री तिला पुढे जायचंय. पक्षीप्राणी बघायचेत आणि शहरही. ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीचं बुकिंग आम्हाला हव्या त्या दिवशी मिळालं नाही. यूट्यूबवर सगळे गुलाबी थवे दाखवतात, पण नेमकं उभं कुठे राहायचं ते कोणी सांगत नाही. गाडी नाही. 'गूगल कर' असं कृपया लिहू नका, तीन दिवस तेच करतेय.

येऊरची पायवाट: बोट सोडा, ठाण्याच्या येऊरच्या जंगलात या. मी पंधरा वर्षं जातोय. आत्ता काटेसावर आणि पळस फुललेत, एका सावरीखाली तासभर थांबलात तरी तांबट, हळद्या, महाभृंगराज सगळे भेटतील. ठाणे स्टेशनहून बस आहे. सकाळी उजाडता उजाडता पोचा, नऊनंतर काही मजा नाही.

घणसोलीकर: तारीख कुठली? मैत्रीण कुठून येतेय, किती वाजता उतरणार? आणि सॅक दिवसभर वागवणार का? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

रानवाट: येऊरला पहाटे दोघीच जाऊ नका. आतल्या वाटा राष्ट्रीय उद्यानात येतात, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे फिरणं गुन्हा आहे. शिवाय बिबट्याचा वावर आहे.

येऊरची पायवाट: बिबट्याची भीती घालू नका हो. तो माणसाची चाहूल लागली की आधीच वाट सोडतो. मी गावातल्या रस्त्याने फिरा म्हणतोय, आतल्या वाटांचं नाव तरी काढलं का?

रानवाट: 'सावरीखाली तासभर थांबा' वाचून नवखा माणूस कुठे शिरेल ते सांगता येत नाही. म्हणून लिहिलं.

दूरदृष्टी: दुर्बीण ८×४२ घ्या. १०×५० घेऊ नका, जड असते आणि हात थरथरला की चित्र हलतं. सूर्याकडे रोखू नका.

चिंचबोर: दुर्बीण आहे हो. १४ फेब्रुवारी, शनिवार. विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी लवकर ठाण्याला उतरेल, रात्री कोकणकन्येने कुडाळला जाईल. सॅक माझ्या घरी ठेवू, मी कळव्यात राहते.

घणसोलीकर: हे आधी सांगितलं असतं तर निम्मा धागा वाचला असता, ताई.

पनवेलची वेस: मग कर्नाळा! १९६८ पासूनचं अभयारण्य आहे, बारा चौरस किलोमीटर, वर किल्ला आणि त्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. मुलं लहान असताना आम्ही दर हिवाळ्यात जायचो.

घणसोलीकर: पनवेलपर्यंत लोकल, पुढे गोवा महामार्गावर वाहन शोधायचं, किल्ला चढून उतरायचा. त्यातच संध्याकाळ होईल. मग शहर कधी बघणार?

चिंचबोर: एक सांगायचं राहिलं. ती चंद्रपूरची आहे. ताडोबा तिच्या दारात, वाघ बिबटे लहानपणापासून बघत आलीये. जंगल नकोच आहे तिला. खाडी, खारफुटी, भरतीचं पाणी यातलं काहीच तिने पाहिलेलं नाही.

येऊरची पायवाट: असं आहे तर मी माघार घेतो. ताडोबावालीला येऊर दाखवून काय करणार! पण सावर तिला दाखवाच, कळव्यातही असेल एखादी.

मीठबंदरकर: पोरी, आता ऐक. बोट नाही मिळाली तर नाही मिळाली. पक्षी कुठे दिसणार हे पाणी ठरवतं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, फ्लेमिंगो खाडीच्या मधल्या चिखलात चरायला पांगतात, काठावरून नुसती गुलाबी रेघ दिसते. भरतीने चिखल बुडाला की ते काठाजवळच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. म्हणून भरतीला तळ्यावर असायचं.

भरतीची वेळ आमचे वडील तिथीवरून काढायचे. तिथीची पाऊणपट कर. त्या दिवशी माघ वद्य द्वादशी आहे, बाराचे पाऊणपट नऊ. म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती, आतल्या खाडीत पाणी आणखी थोडं उशिरा चढतं. सुकती तीनच्या पुढे. हा ढोबळ हिशोब आहे, आदल्या दिवशी भरतीचं वेळापत्रकही बघून घे.

ठाण्याहून पनवेल लोकल पकड, सीवूड्स-दारावेला उतर, रिक्षाला टी. एस. चाणक्य सांग, ती जहाजावरच्या शिक्षणाची संस्था आहे, तळं तिच्याजवळच. साडेआठ ते साडेदहा तिथेच थांबा. चिखलात उतरू नका, पांढरे कपडे नकोत, आणि पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवू नका. लोक वाजवतात, जीव जळतो माझा.

सीवूड्सची खिडकी: डीपीएस तलावही जवळच आहे. २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले होते, तलावात खाडीचं पाणी येईनासं झालं होतं. आम्ही इथल्या रहिवाशांनी बरीच पत्रं लिहिली. २०२५ मध्ये तो संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्याने मान्यता दिली. मैत्रिणीला हेही सांगा. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण हे पक्षी भरतीला टेकतात ती तळी त्या हद्दीबाहेर आहेत.

शुद्धलेखन: फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. अग्निपंखही म्हणतात. इतके सुंदर शब्द असताना कोणीच वापरत नाही याचं वाईट वाटतं.

मीठबंदरकर: आमच्याकडे दोन्ही म्हणत नाहीत. पण रोहित चांगला आहे.

चिंचबोर: हे अगदी हवं होतं, काका. दुपारनंतर ठाणे. काय दाखवू?

कोपरीचा जुना: स्टेशनापासूनच सुरुवात करा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथेच आली, चौदा डबे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. मग मामलेदारची मिसळ.

घणसोलीकर: तिखट झेपेल का तिला?

चिंचबोर: सावजी खाणारी आहे ती.

कोपरीचा जुना: मग काळजी नाही. संध्याकाळी तलावपाळीवर बसा. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र आहे, कौपिनेश्वराच्या देवळात आदल्या संध्याकाळपासूनच तयारी असते. दर्शन सहाच्या आत उरका, नंतर जांभळी नाक्यावर चालणं कठीण होतं. मासुंदा तलाव, समोर गडकरी रंगायतन, फुलांचा बाजार. रात्री गाडीसाठी वेळेवर निघा, ठाणे स्टेशनातले पूल त्या वेळीही भरलेले असतात.

पनवेलची वेस: कोकणकन्या पनवेललाही थांबते. कर्नाळ्याहून थेट तिथेच बसता आलं असतं.

घणसोलीकर: अहो, सॅक कळव्यात आहे.

चिंचबोर (रविवारी सकाळी): जाऊन आलो, तिला गाडीत बसवलं. लोकल एक चुकली, चाणक्यला नऊला पोचलो. पक्षी होते! उभे असताना बरेचसे फिकट पांढरे वाटत होते, ती म्हणाली, 'गुलाबी कुठेयत?' अकराच्या सुमारास काठाचं पाणी उतरायला लागलं, थवे उठले आणि पंखांखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडला. मग तिने काही विचारलंच नाही. पाणी मागे सरकताना बघायला आणखी अर्धा तास बसली, निवट्या (चिखलातले छोटे मासे) चिखलावर सरपटत होत्या त्या मोजत. मिसळ उशिरा मिळाली, कौपिनेश्वराला रांग होती म्हणून बाहेरूनच नमस्कार केला. काका, तिने तुमचा पाऊणपटीचा हिशोब डायरीत लिहून घेतलाय, मालवणला करून बघणार आहे.

मीठबंदरकर: करू दे. तिकडे थोडा फरक पडेल, तिथल्या कोळ्यांना विचारून घे म्हणावं. आणि तू मे महिन्यात परत जा, तोवर असतात. फक्त अष्टमी टाळ, भरती सहाला येते आणि बाराला सगळा चिखल उघडा पडतो.