मदत हवी आहे: तंबोऱ्याच्या भोपळ्याचा सरफेस काही केल्या गुळगुळीत येत नाहीये

नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागात राहतो. कॅडवर (संगणकावरच्या ड्रॉइंगवर) रोजच काम असतं पण ते सगळं शीट मेटलचं, पॅनल, ब्रॅकेट, म्हणजे सरळ रेषा आणि भोकं. वळणदार वस्तू पहिल्यांदाच करतोय आणि तीन आठवडे झाले तिथल्या तिथेच आहे.

वस्तू म्हणजे आत्याचा तंबोरा. मिरजेचा आहे, आजोबांनी आणलेला. मागच्या हिवाळ्यात रेल्वेने नेला तेव्हा नुसती कापडी गवसणी होती, कुणाची तरी ट्रंक लागली आणि भोपळ्याला चीर गेली. ती भरून आणली, आवाजही परत आला, पण आत्या आता तंबोरा घराबाहेर काढायलाच तयार नाही आणि तिचं बाहेरचं गाणं त्यामुळे बंद पडलंय, ते मला बघवत नाही. म्हणून फायबरची कडक पेटी करायची आहे, आतून फोम. मित्राच्या वर्कशॉपात सीएनसी राउटर (संगणकावरच्या ड्रॉइंगप्रमाणे कापणारं यंत्र) आहे, त्यावर एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचा) साचा कापायचा आणि त्यावर फायबर चढवायचं असं ठरलंय.

माप असं घेतलं: सोल्डरची जाड तार भोपळ्यावर दाबून वाकवली, अलगद उचलून कागदावर ठेवली आणि आखली, दर 4 सेंमीला एक, असे 11 सेक्शन. मग सॉलिडवर्क्स या कॅड प्रोग्राममध्ये प्रत्येकावर स्प्लाइन (पॉइंटमधून जाणारी वळणदार रेषा) काढून लॉफ्ट केला, म्हणजे सगळे सेक्शन जोडून एक सरफेस केला. आता तीन ठिकाणी अडतंय. एक तर सगळा भोपळा लाटालाटांचा दिसतो, झेब्रा स्ट्राइप्स (सरफेस तपासायचे काळे-पांढरे पट्टे) लावल्या की पट्टे नागमोडी जातात. दुसरं, बुडाशी सगळे सेक्शन एका बिंदूत मिटवले तर तिथे चिमटा काढल्यासारखी सुरकुती येते. आणि तिसरं, फोमसाठी बाहेरच्या बाजूला 12 मिमी ऑफसेट द्यायला (सरफेस तेवढा बाहेर सरकवायला) गेलो की एरर येतो, नेमका गळ्यापाशी, जिथे भोपळा संपून दांडी सुरू होते तिथे. गाइड कर्व्ह (सेक्शनना आडव्या जोडणाऱ्या रेषा) देऊन बघितले, पॉइंट वाढवून बघितले, उलट जास्तच बिघडतं. मोबाइलने फोटो काढून त्यावरून मेश (छोट्या त्रिकोणांचं जाळं) करावा का? पण मग सगळे त्रिकोणच त्रिकोण येतील, ते साफ कसे करायचे?

प्रतिसाद:
पॉइंट वाढवू नकोस, कमी कर, घोळ तिथेच आहे. तारेच्या मापात 1-2 मिमी चूक येणारच आणि स्प्लाइनला तू प्रत्येक पॉइंटमधून जायला लावतोयस, म्हणजे ती चूक सरफेसवर छापली जाते. 11 ऐवजी 4-5 सेक्शन ठेव, प्रत्येकाला सारखेच कंट्रोल पॉइंट दे, स्टाइल स्प्लाइन (कंट्रोल पॉइंटमधून न जाता त्यांच्याकडे नुसती ओढली जाणारी रेषा) वापर आणि मोजलेले पॉइंट फक्त मागे दिसू देत. कर्व्हेचर कोंब (रेषेवर कंगव्यासारखे दात काढून वळण कुठे किती ते दाखवणारं साधन) चालू कर, कोंब एकसारखा फुगत गेला पाहिजे, मध्येच करवतीसारखे दात दिसले की तिथे लाट येणार असं समज.

बुडाशी बिंदूत मिटवूच नकोस. तिथे सरफेस थोडा कापून भोक ठेव आणि फिल्ड सरफेसने (भोक बुजवणाऱ्या कमांडने) कर्व्हेचरची अट घालून भर, म्हणजे सांध्यावर वळणही सारखं राहील. नुसती टँजंट (फक्त दिशा जुळायची) अट घातलीस तर पट्टे जुळतात पण सांध्यावर कोपरा धरून वळतात, कर्व्हेचरला ते सरळ पार निघून जातात.

गळ्याचं कारण साधं आहे. भोपळा बाहेर फुगलेला आहे म्हणून तिथे ऑफसेट दिला की त्रिज्या वाढते, पण गळा आत वळलेला आहे, तिथे ती कमी होते. मूळ त्रिज्या 12 मिमीच्या आत असेल तर ऑफसेट होणारच नाही. पण पेटीला तंबोऱ्याचा गळा हुबेहूब कशाला हवा? तिथे वळण मोठं घे, उरलेली जागा फोम भरेल.

मेशच्या नादी तूर्त लागू नकोस. त्याआधी एक बघ, भोपळा सगळ्यात रुंद कुठे आहे? तबलीपाशी (भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी झाकणापाशी) नसणार. पेटीचे दोन भाग त्या रुंद रेषेवरच व्हायला हवेत, नाहीतर फायबर साच्यात अडकून बसेल.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, हे रुंदीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं! आत्ता मोजलं, तबलीपाशी 37 सेंमी आणि त्याच्या 5 सेंमी खाली 40, म्हणजे मी तबलीच्या रेषेवर फोडणार होतो ते पूर्ण चुकलं असतं आणि एमडीएफही वाया गेलं असतं. रात्री बसून 5 सेक्शनचं करून बघितलं, पट्टे पाठीवरून एका ओळीत जातायत, बूडही नीट भरलं. गळ्याला 40 मिमी त्रिज्या दिली तर ऑफसेटही झाला. आता थेट एमडीएफला हात न लावता आधी पुठ्ठ्याचे सेक्शन कापून तंबोऱ्याला लावून बघतो, आत्या रविवारी घरी आहे, तिच्यासमोरच.