इनेक्सरबल आणि रिलेंटलेस यात नक्की फरक काय?

पानोपानी: एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतोय, समुद्राची पातळी वाढत चाललीय त्यावर आहे. त्यात एक वाक्य आलंय, 'द इनेक्सरबल (inexorable) राइज ऑफ द सी'. डिक्शनरीत रिलेंटलेस दिलंय, दुसरीकडे अनस्टॉपेबल, आणि मी आधी अटळ लिहून टाकलं होतं पण दोन पॅराग्राफ खाली इनेव्हिटेबल आलं, त्यालाही अटळच लिहावं लागलं, तेव्हापासून अडकलोय. आणि उच्चार इनेक्झोरेबल की अजून काही?

शब्दवेडी: उच्चार आधी सांगते, इ-नेक्-सरबल, जोर 'नेक्'वर द्यायचा आणि मधला ओ जवळजवळ गिळूनच टाकायचा. स्पेलिंग बघून 'झोरे'वर जोर देणारे खूप भेटतात.

आता अर्थ. मूळ लॅटिन आहे, ओरारे म्हणजे बोलणं, प्रार्थना करणं (ऑरेटर, ओरॅकल हे त्याच घरातले), एक्सोरारे म्हणजे विनवण्या करून एखाद्याचं मन वळवणं, आणि पुढे नकाराचा इन लागला. म्हणजे कितीही हातापाया पडा, जो बधत नाही तो इनेक्सरबल. रोमन कवी व्हर्जिलनं नियतीला हेच विशेषण लावलंय. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला, तेव्हा माणसांनाही सर्रास लावायचे, दयेची याचना न ऐकणारा न्यायाधीश वगैरे. आता बहुतेक वेळा काळ, म्हातारपण, ऱ्हास, एखाद्या युक्तिवादाचं लॉजिक अशा गोष्टींना लावतात. आपल्याकडे 'न बधणारा' इतका नेमका शब्द असताना डिक्शनऱ्या तो का देत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

उंबरठा: इनेव्हिटेबल म्हणजे जे टाळता येत नाही, तिथे अटळ बरोबर आहे. पण ते होणार एवढंच त्यातून कळतं. इनेक्सरबलमध्ये ती गोष्ट आत्ता चालू असते, हळूहळू पुढे सरकत असते आणि तिला अडवता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे मार्च, राइज, डिक्लाइन असे शब्द येतात. परीक्षेत नापास होणं इनेव्हिटेबल असू शकतं, इनेक्सरबल नाही म्हणता येणार.

शब्दवेडी: अगदी बरोबर. आणि रिलेंटलेसचं राहिलंच की. रिलेंट म्हणजे नरमणं, पण पूर्वी इंग्रजीत त्याचा अर्थ चक्क वितळणं असा होता, आपण मन विरघळलं म्हणतो ना तसंच. रिलेंटलेस म्हणजे न नरमणारा, त्यात जोर असतो, दम न खाणं असतं, हात धुवून मागे लागणं असतं. पाऊस, टीका, प्रेशर, पाठलाग हे सगळं रिलेंटलेस. आणि ते कौतुकानंही वापरतात, रिलेंटलेस एफर्ट्स म्हणजे अथक प्रयत्न. इनेक्सरबल एफर्ट्स कानाला खटकतं कारण प्रयत्न माणूस करतो आणि इनेक्सरबल गोष्टीपुढे माणसाचं काही चालत नाही. शिवाय रिलेंटलेस रोजच्या बोलण्यात चालतो, हा दुसरा लिखाणातला, मित्राशी गप्पा मारताना वापरला तर पुस्तकी वाटेल.

पानोपानी: विनवण्यांचं माहीतच नव्हतं, आता वाक्य वेगळंच दिसायला लागलं. 'समुद्राची कशालाही न बधणारी वाढ' कसं वाटतं?

उंबरठा: अर्थ आला पण विशेषण म्हणून जड होतंय, इंग्रजीत विशेषण आहे म्हणून मराठीतही विशेषणच हवं असं काही नाही, क्रियापदात टाका. 'समुद्र चढतच चाललाय, कशालाच दाद देत नाही.' इनेक्सरबली आलं तरी हाच मार्ग, 'त चालणे' लावलं की अर्धं काम होतं.

पानोपानी: 'समुद्र वर चढतच चालला आहे, तो कशालाच दाद देत नाही.' हेच ठेवतो, लेखाची भाषा थोडी औपचारिक आहे म्हणून एवढाच बदल. आणि खालचं अटळ आता निर्धास्तपणे तसंच राहू देतो.