अनुभव धागा: इंटर्न ठेवताना, इंटर्न असताना (नागपूर)

परीक्षा आटोपल्या की हिंगणा, बुटीबोरी, मिहान, सगळीकडे पोरं इंटर्नशिप शोधत फिरतात. ठेवणारे आणि राहणारे, दोघांनीही लिहा. कंपनीचं नाव नको. काम, पैसे आणि कागद यांचं मात्र सविस्तर येऊ द्या.

हिंगणा, मशीन शॉप:
३० किंवा त्याहून जास्त माणसं असली की १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली त्यांच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ (अप्रेंटिस) घ्यावेच लागतात. आमच्याकडे माणसं ३० पेक्षा कमी आहेत, तरी शिकाऊ घेतो. करार सरकारी पोर्टलवर, स्टायपेंड १० तारखेच्या आत खात्यात. रात्रपाळी नाही, रात्री १० ते सकाळी ६ परवानगीशिवाय चालत नाही. शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे, हे कलम सगळ्यांना पाठ. पण लेथवर बोट गेलं तर भरपाई मालकाच्याच डोक्यावर, हे कोणी वाचत नाही.

धरमपेठ, डिझाइनची विद्यार्थिनी:
नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या खुर्चीवर मला बसवलं, लॉगिनसुद्धा त्याचाच. क्लायंटसमोर मी 'आमची डिझायनर', पैशांचा विषय निघाला की 'तू तर शिकून राहिली ना!' शिकवायला कोणीच नव्हतं. सर्टिफिकेट मागितलं की 'अजून महिनाभर थांब'. रुजू झाल्याचा मेल आणि केलेल्या फाइली जपून ठेवल्या होत्या. कॉलेजच्या मॅडमनी त्या समोर ठेवल्यावर सर्टिफिकेट निघालं. पैसे नाहीच.

मिहान, एचआर:
अप्रेंटिस म्हणून नोंदवलं तर नियम ठरलेले. नुसतं 'इंटर्न' म्हटलं की जो तो सोयीने वागतो. माझा हिशेब सोपा: इंटर्न उद्या आला नाही तर कंपनीचं काम अडतं का? अडत असेल तर पगार द्या, उगाच नावं बदलू नका. आणि २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. तक्रार समितीतल्यांचे नंबर आम्ही पहिल्याच दिवशी हातात देतो.

आयटीआयवाला:
२०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मला महिना ८ हजार, थेट खात्यात. ट्रेड वायरमनचा, काम एका सरकारी ऑफिसात झेरॉक्सचं. मशीन बिघडली तेव्हा तेवढा उपयोग झाला.

धरमपेठवाली:
हिंगण्याचे काका, करार संपल्यावर पोरांना ठेवता काय जी?

हिंगणा, मशीन शॉप:
जागा असली तर. कायद्यात नोकरीची हमी नाही, भरतीचं धोरण मालकाने ठरवायचं, म्हणून करारावर सही करतानाच सांगतो. मागच्या दोघांपैकी एक आमच्याकडेच आहे. दुसरा बुटीबोरीला लागला, आमच्यापेक्षा जास्त पगारावर.