रात्रीच्या गाडीच्या आठवणी सांगा (स्लीपरवाल्या)

सांगलीची_लेक:
माळा आवरताना आज होल्डॉल सापडला, प्रवासात अंथरूण गुंडाळून न्यायची ती वळकटी. खाकी, चामड्याचे पट्टे तडकलेले, आत अजून डांबरगोळ्यांचा वास. तिथेच बसून राहिले.

मे महिन्यात दादरहून महालक्ष्मी एक्सप्रेस. बाबा दोन बाकांखालच्या साखळीला ट्रंक अडकवायचे. कर्जत यायच्या आत दशम्या, शेंगांची चटणी, बटाट्याची सुकी भाजी उघडलेली असायची. मग मधला बर्थ वर, आम्ही भावंडं वरच्यावर. पहाटे अंधारात सांगली यायची आणि झोपेत सांगली चुकली तर थेट मिरज, ही बाबांची कायमची धास्ती. किर्लोस्करवाडी गेली की ते उठवायला सुरुवात करायचे. भिलवडीला आम्ही चपला घालून दारात!

खूप उशिरा लक्षात आलं की आईला मी गाडीत झोपलेली कधी पाहिलंच नाही. दागिन्यांची पिशवी पोटाशी, एक हात धाकट्याच्या पायावर.

तुमच्याही सांगा.

जुई_के:
होल्डॉल टाकू नकोस गं!! आमचा भंगारात गेला, अजून वाईट वाटतं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

इगतपुरीकर:
माझे बाबा बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कसारा घाटात चढ १:३७, म्हणजे सदतीस फूट गेलं की गाडी एक फूट वर. पुढच्या इंजिनाला एकट्याला ते झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून जास्तीची इंजिनं लावतात, ती इगतपुरीपर्यंत ढकलतात. रात्री कसाऱ्याला झोपेत जो हलका धक्का बसतो ना, तो तोच. तेव्हा तर इगतपुरीला पुढचं इंजिनही बदलायचं, कारण मुंबईकडे डीसी वीज आणि पुढे एसी.

बाबा म्हणायचे, धक्का असा द्यायचा की वरच्या बर्थवरचं पोर जागं होता कामा नये. पावसाळ्यात घरी आले की शर्ट पिळून काढावा लागे. अजूनही विदर्भ एक्सप्रेसने जाताना कसारा आला की मी उठून बसतो.

मालवणी_चेडू:
@इगतपुरीकर अंगावर काटा आला वाचून.

आमची कोकणकन्या. गणपतीला तिकीट मिळालं तर मिळालं, नाहीतर दोन बाकांच्या मधे पेपर अंथरून. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर. कानात दडे बसायचे, डब्यातली बारकी पोरं एकदम गप्प. बाहेर पडलो की उजाडायला लागलेलं आणि सगळं हिरवं. आजी खिडकीला कपाळ लावून म्हणायची, "इला गे, आपला कोकण इला." कुडाळ यायला अजून कितीतरी वेळ असायचा, पण तिचं गाव तिथूनच सुरू.

सुगरण७२:
दशम्या दुधातल्या की ताकातल्या? आमच्याकडे ज्वारीच्या, दुधात भिजवून. दोन दिवस मऊ राहतात.

अमरावतीची_सून:
आम्ही कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने बडनेऱ्याला जायचो. रात्र दीड दिवसाच्या मधोमध यायची 😄 दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, गाडी उलट्या दिशेने निघायची. सासरे पहिल्यांदा आले तेव्हा घाबरून उठले, "अगं, गाडी परत पुण्याला निघाली!" अख्ख्या डब्याने समजूत घातली. आता तिथे कॉर्ड लाईन झालीय, त्यामुळे बऱ्याच गाड्यांना ती उलटापालट करावी लागत नाही.

परभणी_ते_ठाणे:
वाचत होते, लिहू की नको असं चाललं होतं.

दुपारी फोन आला, बाबा गेले. देवगिरी एक्सप्रेसचं आरएसी मिळालं, साईड लोअरवर अर्धी जागा. दुसऱ्या अर्ध्यात जालन्याच्या एक मावशी. मी काही सांगितलं नव्हतं. कल्याण गेल्यावर त्यांनीच विचारलं, "कोण गेलं गं बाळा?" मग स्वतः पाय खाली सोडून बसल्या आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. मनमाड, औरंगाबाद, काही कळलं नाही. जाग आली तर परभणी जवळ आलेली, अंगावर त्यांची शाल. त्या जालन्यालाच उतरून गेल्या होत्या. नाव विचारायचं राहिलं.

शाल आहे अजून. दर हिवाळ्यात धुऊन ठेवते.

जुई_के:
@परभणी ❤️ काय लिहू.

इगतपुरीकर:
@परभणी_ते_ठाणे ताई, लिहिलंत ते बरं केलंत.

नवा_प्रवासी:
परवा पहिल्यांदा एकटा निघालोय, पुण्याहून नागपूर, मधला बर्थ. तो कधी खाली करायचा?

अमरावतीची_सून:
रात्री दहा ते सहा झोपायची वेळ असते. सहा वाजले की खाली कर, खालच्यांना ताठ बसता येत नाही रे. चपला पिशवीत घालून उशाशी ठेव. पोचलास की इथे कळव.

सांगलीची_लेक:
आत्ता आईला फोन करून विचारलं, गाडीत तू कधी झोपायचीस गं? म्हणाली, "झोपायची की. किर्लोस्करवाडी आली की तुझे बाबा उठायचे ना, मग सांगलीपर्यंत."

@सुगरण७२ आमच्या दुधातल्या, पण कणकेच्या. आणि होल्डॉलचे पट्टे बदलून देणारं कुणी माहीत आहे का?

सुगरण७२:
कणकेच्या? मग थोडं तुपाचं मोहन घालतेस का?