सुरुंग की भूकंप, कम्प्युटरला कळतंय काय?

खाणीशेजारचा: आमच्या गावाला लागून दगडाची खाण हाय, दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरची ताटं वाजत्यात, आता सवय झालीया. परवा रात्री अकराला पण खडखडलं. आई म्हणायलीय कोयनेकडचा हादरा, मी म्हटलं कुणीतरी चोरून बार काढला असणार. पैज लागलीया. हे कम्प्युटरला कसं कळतंय? का तिथं पण कोणतरी बसून अंदाजच लावतोय?

निपाणीचा मास्तर: सुरुंग चारी बाजूला बाहेरच ढकलतोय बघ, म्हणून सगळीकडच्या भूकंपमापक यंत्रांवर पी लहरीची, म्हणजे सगळ्यात आधी पोचणाऱ्या लहरीची, पहिली हालचाल वरच येते. भूकंपात खडक एकमेकावर घसरतोय, मग कुठं वर, कुठं खाली. आणि मागनं येणारी एस लहर भूकंपात दणकट, सुरुंगात मरतुकडी, म्हणून मशीन दोन्हीच्या जोराचं गुणोत्तर काढतंय. आणखी एक, खाणवाले सगळी भोकं एकदम उडवत न्हाईत, मधे २५ मिलीसेकंद वगैरे ठेवतात, मग फ्रिक्वेन्सीच्या चित्रात दर ४० हर्ट्झला पट्टे दिसतात. बारक्या हादऱ्यात मात्र हे सगळं ट्रक-ट्रॅक्टरच्या गोंगाटात बुडतंय.

टिळकवाडीकर: सर बरोबर, पण आता न्यूरल नेटवर्क वापरतात, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्राम, माणसानं आधी 'सुरुंग' का 'भूकंप' असं लेबल लावलेले हजारो रेकॉर्ड दाखवायचे आणि फरक त्याचा त्यानं शोधायचा. खरी गोची इथंच हाय, बहुतेक सुरुंग दिवसा उडतात, तवा ट्रेनिंगला वेळ पण दिलीस तर ते लहरी बघायचं सोडून घड्याळ बघून पास होतंय, कॉपी करणाऱ्या पोरासारखं. तुझा रात्रीचा बार ते डोळे झाकून भूकंप म्हणणार. आणि लेबल लावणाराच चुकला असेल तर संपलंच.

खाणीशेजारचा: आई पण तेच घड्याळ लावायलीय की! म्हणे कोयना १९६७ पहाटे, किल्लारी १९९३ पण पहाटे, भूकंप अंधारातच येतोय.

टिळकवाडीकर: काकूंचा डेटासेट दोनचा हाय 😄 भूज २००१ सकाळी पावणेनऊला, झेंडावंदनाच्या वेळी. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या साईटवर यादी असते, तारीख टाकून बघ.

खाणीशेजारचा: बघितली, त्या रात्री आपल्या बाजूचं काहीच न्हाई. आईला दाखवली तर म्हणते बारके त्यात धरत नसतील. पैजेचा कुंदा (आपली बेळगावची मिठाई) अजून कुणीच आणला न्हाई.