कोंबड्या फवारणीचं पाणी प्यायल्या, अंडी खायची का?

मखमलाबादची ताई
नमस्कार मंडळी, जरा घाईचं आहे. आमच्या परसात ११ गावरान कोंबड्या आहेत, शेजारी बांधाला लागून द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर तिकडे फवारणी चालूच असते, काल त्यांच्या माणसाने ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी बांधावर धुतली आणि ते पाणी वाहत आमच्या खळग्यात येऊन साचलं, निळसर पाणी, वर पांढरा फेस. मी धुणं वाळत घालत होते, बघते तर चार-पाच कोंबड्या माना वर करून करून पीत होत्या. हाकलल्या, डालग्याखाली कोंडल्या. आज एक तुर्रेवाली पातळ शिटते आहे, बाकीच्या ठीक वाटतात. सासूबाई म्हणतात अंडी चांगली कडक उकड, काही होत नाही. पण माझी मुलगी दोन वर्षांची आहे, रोज एक अंडं खाते, माझा हात धजत नाही. काय करू?

निफाडचा बागायतदार
ताई आधी त्या माणसाला विचारा टाकीत काय काय होतं, आणि बाटलीच्या लेबलचा फोटो मागा. प्रत्येक औषधावर त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. निळं पाणी म्हणजे मोरचूद असेल असं मला वाटतं पण आजकाल एकाच टाकीत दोन-तीन औषधं मिसळतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका. आणि टाकी धुतलेलं पाणी दुसऱ्याच्या दारात सोडायचं हे चूकच आहे, मी स्वतः बाग करतो म्हणून बोलतोय.

सिन्नर पोल्ट्री
सासूबाईंचं म्हणणं जंतूंपुरतं बरोबर आहे. गटारीचं पाणी प्यायल्या असत्या तर मीपण म्हणालो असतो बलक घट्ट होईपर्यंत शिजवा, साल्मोनेला मरतो. औषधाचं तसं नाही, बरीचशी उकळून जात नाहीत आणि मोरचुदातलं तांबं तर जाणारच नाही.

दुसरी गोष्ट, लोक म्हणतात दोन दिवस अंडी टाकली की झालं. घरी अंड्यावरची कोंबडी कापताना पोटात पिवळ्या गोळ्यांची रांग बघितली असेल ना, हरभऱ्याएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत? ती सगळी पुढच्या दिवसांची अंडी. पांढरं आणि कवच साधारण २४ ते २६ तासांत होतं, पण बलक शेवटचे आठ-दहा दिवस भराभर भरत असतो आणि चरबीत विरघळणारं औषध त्यातच जाऊन बसतं. म्हणजे काल प्यायलेलं पुढच्या आठवड्याच्या अंड्यातसुद्धा येऊ शकतं.

मखमलाबादची ताई
फोटो मिळाला. मोरचूद होतंच, शिवाय थ्रिप्स किडीसाठीचं फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक. तो म्हणतो थोडंच होतं.

सिन्नर पोल्ट्री
फिप्रोनिल असेल तर अजिबात खाऊ नका, मुलीला तर नाहीच. २०१७ मध्ये नेदरलँड्स-बेल्जियममध्ये याच औषधामुळे लाखो अंडी दुकानांतून परत घेतली होती, तिथे कोंबड्यांच्या शेडमध्ये गोचिडीसारख्या किड्यांसाठी मारलं होतं. हे चरबीत साठतं आणि कितीतरी आठवडे अंड्यातून येत राहतं, म्हणून दहा दिवसांवर थांबू नका. त्या कोंबड्या कापून खाऊ पण नका. आजच जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला, १९६२ ला फोन लावा, सरकारी डॉक्टरला लेबल दाखवा आणि किती दिवस थांबायचं ते त्यांच्याकडूनच घ्या. मान वाकडी होणं, थरथरणं, झटके असं काही दिसलं तर वाट बघूच नका. टाकायची अंडी कुत्र्याला घालू नका, फोडून कोंबड्यांना परत तर मुळीच नाही, खोल खड्ड्यात पुरा.

निफाडचा बागायतदार
खळग्यातली वरची माती पण काढा, आणि ती परसबागेत टाकू नका. पाऊस पडला की परत तिथेच साचेल. कोंबडीला दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हात जास्त, भांडं कोरडं असलं की ती डबकं शोधते. सावलीत दोन मातीची भांडी भरून ठेवा, फवारणीच्या दिवशी सोडायच्या आधीच. आणि द्राक्षाचा माल युरोपला जायचा म्हटलं की आपण रेसिड्यू रिपोर्ट (मालात औषधाचा अंश किती उरला त्याची तपासणी) काढतोच, त्याच लॅबला विचारून बघा अंडी तपासतात का. खर्च शेजाऱ्याकडून मागा, मी असतो तर दिला असता.

मखमलाबादची ताई
दादा दोघांचे खूप आभार. डॉक्टर संध्याकाळी येतायत. नेमक्या कुठल्या प्यायल्या ते खात्रीने सांगता येत नाही म्हणून अकराही कोंबड्यांची अंडी बंद केली, सासूबाईंना पिवळ्या गोळ्यांचं सांगितलं तर लगेच पटलं, त्यांनीच आयुष्यभर कोंबड्या साफ केल्यात. एकच राहिलं, फ्रीजमध्ये परवापर्यंतची नऊ अंडी आहेत, ती?

सिन्नर पोल्ट्री
टाकी काल पहिल्यांदाच तिथे धुतली असेल तर चालतील. पण त्या माणसाला नीट विचारा, छाटणीपासून रोज तिथेच धुत असेल तर तीही पुरा.

मखमलाबादची ताई
विचारलं. तिसरी वेळ होती. पुरते.