शब्दचर्चा: छातीतला पू, नळी आणि 'शस्त्रक्रियेविना'

उंबरठा: एम्पायेमावरचं पेशंटसाठीचं माहितीपत्रक मराठीत करतेय, म्हणजे फुफ्फुसाच्या दोन आवरणांमधल्या जागेत पू होतो ते. नॉनसर्जिकल उपचारांना 'शस्त्रक्रियेविना उपचार' लिहिलं तर तपासणाऱ्या बाई म्हणतात, बरगड्यांमधून नळी घालतात ना, मग शस्त्रक्रियाच झाली की. काय लिहू?

कंदीपेढा: सरळ 'ऑपरेशन न करता' लिहा. आणि एम्पायेमा कशाला, 'फुफ्फुसाला पाणी झालंय' हे आमच्या आजीलाही कळतं.

वॉर्डबॉस: डॉक्टर म्हणून सांगतो, पाणी आणि पू एक करू नका, उपचार त्यावरच ठरतो. न्यूमोनियातलं साधं पाणी बरेचदा अँटिबायोटिकवर जिरतं, पण पू लागला किंवा पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 7.2 च्या खाली गेला (आम्लता वाढली) की नळी लागतेच. ती जागा बधिर करून, सोनोग्राफीवर बघून वॉर्डातच बसवतो. आम्ही म्हणतो 'आयसीडी (बरगड्यांमधली निचरा-नळी) टाकली', नातेवाईक म्हणतात 'बाटली लावली'. ऑपरेशन कोणीच म्हणत नाही.

संधिविग्रह: कोणी म्हणत नाही म्हणून ते नाही असं होत नाही. सुश्रुताच्या आठ शस्त्रकर्मांत 'विस्राव्य' आहे, म्हणजे स्राव वाहू देणं. तेव्हा नळी ही शस्त्रक्रियाच, बाई बरोबर आहेत. एम्पायेमाला 'पूयोरस' म्हणावं, पूय म्हणजे पू आणि उरस म्हणजे छाती.

कंदीपेढा: पूयोरस!! आंबरसासारखं वाटीत वाढणार का?

वॉर्डबॉस: 😂 संधिविग्रह, सुश्रुताच्या हिशोबानं सुई टोचणंपण शस्त्रकर्म होईल. 1918 च्या फ्लूच्या साथीत अमेरिकन लष्करी छावण्यांत घाईनं छाती उघडून पू काढायचे, त्यात लोक मरायचे. मग सर्जन ग्रॅहम वगैरेंच्या लष्करी कमिशननं सांगितलं की सुरुवातीला छाती उघडी ठेवू नका, हवा आत शिरणार नाही असा निचरा करा. म्हणजे बंद नळी रूढ झाली तीच छाती उघडण्याला पर्याय म्हणून.

उंबरठा: बरं, आणि नळीतून औषध सोडतात त्याला काय म्हणू? 'पू विरघळवणं' चालेल?

वॉर्डबॉस: अर्धंच बरोबर. पुवात फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या तंतूंचे) पडदे धरून कप्पे होतात, मग नळी असून निचरा होत नाही. पूर्वी नुसतं स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध सोडायचे, ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत 2005 ला त्याचा फायदा दिसला नाही. 2011 च्या मिस्ट-2 या चाचणीत टीपीए आणि डीएनेझ ही दोन्ही औषधं दिली, पहिलं पडदे तोडतं, दुसरं पू पातळ करतं. 3 महिन्यांत सर्जनकडे पाठवावे लागलेले 16 टक्क्यांवरून 4 वर आले. एकेकटं देऊन मात्र जमलं नाही.

कंदीपेढा: मग 'जाळी तोडणं' म्हणा, जाळी धरली हे सगळ्यांना कळतं.

संधिविग्रह: जाळी कोळ्याची. 'पटल' म्हणा. आणि मूळ शब्द 'फुप्फुस' आहे, तुम्ही सगळे फुफ्फुस लिहिताय.

कंदीपेढा: बोलताना दोन्ही फ येतात हो, संस्कृत घरी ठेवा.

संधिविग्रह: 'फोपसा' हा शब्दही फुप्फुसावरूनच आला असणार, त्यात कुठे दोन फ आहेत?

कंदीपेढा: फोपसा म्हणजे नुसता फुगलेला, त्याचा श्वासाशी काय संबंध?